उंद्रीच्या घरात समुद्र आणण्याआधी

मोबाईलच्या पडद्यावर दोन वितांची काचेची पेटी दिसते. निळसर उजेड, डोलणारे रंगीत प्रवाळ आणि त्यांच्या आडून डोकावणारा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश. ही पेटी आता पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यापुरती राहिलेली नाही. काच, पंप, दिवे आणि मिठाच्या पिशव्या कुरिअरने कुठेही पोहोचतात, चिखली तालुक्यातल्या उंद्रीलाही. उंद्रीपासून मुंबईचा समुद्र रस्त्याने साडेचारशे किलोमीटरहून दूर आहे. त्यामुळे इथे अशी टाकी मांडणे म्हणजे समुद्राचा एक तुकडा शून्यातून तयार करणे आणि तो रोज जिवंत ठेवणे.

या छंदात एक गैरसमज सर्वांत महाग पडतो. टाकी छोटी घेतली की काम सोपे होते, असे वाटते. वस्तुस्थिती उलटी आहे. टाकी जितकी छोटी, तितकी चूक मोठी. शिवाय ही चूक माशाच्याच जिवावर बेतते असे नाही. ती घरातल्या माणसांच्या तब्येतीपर्यंत आणि काही वेळा पोलीस ठाण्यापर्यंतही जाऊ शकते. म्हणून मासा सर्वांत शेवटी आणि मोजमाप सर्वांत आधी, हा क्रम पाळावा लागतो.

प्रवाळ हा दगड नाही

मराठी घरांना प्रवाळाची ओळख पोवळ्यामुळे असते. मंगळाची शांती म्हणून अंगठीत घातलेले लाल पोवळे हा प्रत्यक्षात एका समुद्री प्राण्याचा सांगाडा असतो. समुद्रातले प्रवाळ खडक बांधणारे प्राणी त्याच्याच दूरच्या नात्यातले. एकेक प्राणी काही मिलिमीटरचा, तोंडाभोवती स्पर्शकांची झालर असलेला. असे हजारो जीव शेजारी शेजारी राहतात आणि पाण्यातला कॅल्शियम घेऊन चुनखडीचे घर बांधतात. त्यांच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरे पडते आणि लवकर सुधारणा झाली नाही तर उपासमारीने मरते.

महाराष्ट्रातही प्रवाळ आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, तिथल्या खडकांवर ते वाढते. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे, तिथे त्याची मोठी वस्ती आहे. मुंबईच्या वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरही प्रवाळ आहे. किनारी रस्त्याच्या कामात ते आडवे आले तेव्हा २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी १८ वसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या. त्यासाठी आधी वन्यजीव कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या सरकारी प्रकल्पाला हाताच्या तळव्याएवढ्या जिवांसाठी परवानगी लागत असेल, तर दिवाणखान्यातल्या पेटीचे काय, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

आधी कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. समुद्रघोडा आणि सर्व समुद्रकाकड्याही त्याच यादीत आल्या. म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे, ते या जिवांनाही आहे. भारतीय समुद्रातून ते काढणे, विकणे आणि विकत घेणे गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते, शिवाय दंड वेगळा. मेलेल्या प्रवाळाचा पांढरा सांगाडा शोभेसाठी ठेवला तरी सुटका नाही.

दुकानदार 'लाइव्ह रॉक' म्हणून जो खडक विकतो, तो बहुधा प्रवाळ खडकातूनच तोडलेला असतो. परदेशातून आलेल्या प्रवाळाची गोष्ट वेगळी, पण तिथेही आयातीची आणि नोंदणीची कागदपत्रे लागतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय करारात संरक्षित असलेले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक झाली आहे. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो, रोखीचा व्यवहार आणि बर्फाच्या खोक्यातले पार्सल ही कागदपत्रे नव्हेत. विक्रेता पक्के बिल आणि परवान्याची प्रत देत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. शंका असेल तर वन विभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

नवशिक्यासाठी यातून निघणारा मार्ग तसा सरळ आहे. पहिली टाकी जिवंत प्रवाळाशिवाय करावी. भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक, हवे तर कृत्रिम प्रवाळ, आणि हौदात पैदास केलेले मासे. क्लाउनफिशची पैदास करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतात विकसित केले आहे. नवी मुंबईत ऐरोलीला, ठाणे खाडीच्या काठावर, मँग्रोव्ह फाउंडेशननेही असे उबवणी केंद्र उभारले आहे. हौदात जन्मलेला मासा समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा काटक असतो, तयार खाद्य खातो आणि त्याच्यासाठी खडकात विषारी सायनाइड फवारावे लागत नाही. आग्नेय आशियातल्या काही समुद्रांत मासे बेशुद्ध करून पकडण्यासाठी सायनाइड वापरले जाते. त्यात मासाही अशक्त होतो आणि प्रवाळही मरते.

पाणी: बोअरचे नको, लोणारचेही नको

बुलढाणा जिल्ह्याला खारे पाणी नवीन नाही. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव भागातल्या विहिरींचे पाणी इतके क्षारयुक्त की तिथे मूत्रपिंडाच्या आजारांची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. उंद्री घाटावर असल्याने त्या पट्ट्यात येत नाही, पण काळ्या दगडातून येणारे बोअरचे पाणी इथेही जड असते. त्यातच शेतातल्या खतांचे नायट्रेट उतरते. 'नाही तरी खारेच करायचे आहे, मग बोअरचे चालेल' हा विचार इथे सुचणे साहजिक आहे, पण तो चुकीचा आहे.

लोणार सरोवराचेही तसेच. उल्कापाताने बसाल्टमध्ये झालेल्या या विवरातले पाणी खारे आहे, पण त्यात सोड्याचे प्रमाण प्रचंड असल्याने त्याचा पीएच १० च्या आसपास जातो. समुद्राचा पीएच सुमारे ८.१ असतो. पीएच एका अंकाने वाढणे म्हणजे दहापट फरक, हे लक्षात घेतले तर लोणारच्या पाण्यात समुद्री मासा का जगणार नाही ते कळते. तिथे वेगळेच जीव राहतात. २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झाले ते मिठावर जगणाऱ्या अशाच सूक्ष्म जिवांमुळे.

समुद्राचे पाणी म्हणजे नुसते मीठ-पाणी नव्हे. एक किलो समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम आणि सोडियम पावणेअकरा ग्रॅम. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम ठरावीक प्रमाणात येतात. स्वयंपाकघरातले मीठ म्हणजे जवळपास फक्त सोडियम क्लोराइड, त्यामुळे ते चालत नाही. खास समुद्री मत्स्यालयासाठीचे मिश्रण घ्यावे लागते. शंभर लिटर पाण्याला ते साडेतीन ते चार किलो लागते.

हे मिश्रण ज्या पाण्यात मिसळायचे, ते जवळपास कोरे हवे, म्हणजे आरओचे. इथे डायलिसिसचे उदाहरण उपयोगी पडते. डायलिसिसच्या एका चार तासांच्या सत्रात रुग्णाच्या रक्ताशेजारून, एका पातळ पडद्यापलीकडून, सुमारे १२० लिटर पाणी वाहते. म्हणून रुग्णालयात ते आरओमधून काढतात आणि रोज तपासतात. पाण्यात क्लोरामाइन राहिले तर रुग्णाच्या रक्तपेशी फुटतात. पिण्यासाठी चालणारे पाणी डायलिसिसला चालत नाही, कारण तिथे पोट आणि आतडे मध्ये नसतात. माशाचे कल्ले हा असाच पातळ पडदा आहे. पाणी आणि रक्त यांच्यात पेशींचे एक-दोन थर, त्यापलीकडे काही नाही. ग्रामपंचायतीच्या टाकीत टाकलेली ब्लीचिंग पावडर माणसाला जंतूंपासून वाचवते. तेच क्लोरीन कल्ले जाळते.

घरच्या आरओचे पाणीही तपासल्याशिवाय वापरू नये. पिण्याच्या यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळलेले असते. टीडीएस मोजायचा छोटा मीटर घ्यावा. मत्स्यालयाच्या पाण्याचा आकडा शून्याच्या जवळ, फार तर पाच-दहा असावा. आणखी एक हिशेब उंद्रीसारख्या गावात टाळता येत नाही. घरगुती आरओ एक लिटर चांगल्या पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात शंभर लिटरच्या टाकीसाठी दोन-तीनशे लिटर वाया घालवणे शोभत नाही. ते पाणी पिंपात साठवून फरशी पुसायला, संडासाला वापरता येते. पाण्याचा टाक भरायची सोय नसेल आणि हे सांभाळणे जमणार नसेल, तर इथेच थांबलेले बरे.

छोटी टाकी अवघड का?

समजा वीस लिटरची पेटी आहे आणि तिच्यातून दिवसाला एक लिटर पाणी उडाले. पाणी उडते, मीठ मागे राहते. क्षारता ३५ वरून पहिल्या दिवशी जवळपास ३७ वर जाते, दुसऱ्या दिवशी ३९ ला टेकते. लग्नाला दोन दिवस चिखलीला गेलेले कुटुंब परत येते तेव्हा मासा तळाशी पडलेला असतो. शंभर लिटरच्या टाकीतून दोन दिवसांत दोन लिटर उडाले तरी क्षारता ३५.७ होते. माशाला त्याची जाणीवही होत नाही. तापमान, अमोनिया, उरलेले खाद्य, सगळ्यालाच हे गणित लागू आहे. लहान मुलाला जुलाब झाले की तो मोठ्या माणसाआधी कोरडा पडतो, त्यामागचे कारणही हेच. साठा कमी असला की सावरायला वेळ मिळत नाही.

म्हणून पहिल्या टाकीसाठी साधारण शंभर लिटर हे किमान माप धरावे. साठ सेंटीमीटर लांब, पंचेचाळीस रुंद, पंचेचाळीस उंच अशी टाकी काठोकाठ भरली तर सुमारे १२१ लिटरची होते. खडक आणि वरची मोकळी जागा वजा जाता शंभरच्या आत-बाहेर पाणी राहते. काच, पाणी, खडक मिळून वजन दीड क्विंटलच्या घरात जाते. टीव्हीचे प्लायचे टेबल ते पेलत नाही. लोखंडी घोडी हवी, तिच्यावर पाणपातळीने तपासलेली सपाट फळी हवी. एका बाजूला कललेल्या टाकीच्या सांध्यावर सतत ताण येतो.

जागा निवडताना उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवावा. समुद्री टाकीला २४ ते २७ अंश तापमान मानवते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत ते टिकत नाही. जाड भिंतींचे धाब्याचे घर किंवा उत्तरेकडची, ऊन न येणारी खोली बरी. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरते, पण मग उडालेल्या पाण्याची भर रोज घालावी लागते. ही भर नेहमी साध्या आरओ पाण्याची असते, खाऱ्या पाण्याची नाही. नवशिक्यांची निम्मी गडबड इथेच होते.

वीज हा दुसरा प्रश्न. तीस अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तेवढ्याच गरम समुद्रजलात सव्वासहाच. पंप बंद पडला की तो झपाट्याने कमी होतो. गावात वादळवाऱ्याने रात्रभर वीज जाते, हे गृहीत धरून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पहिल्या दिवसापासून जवळ असावा.

महिनाभर रिकामी टाकी

पाणी भरले, मीठ विरघळले, खडक रचले, पंप सुरू झाला. आता मासा आणायचा नाही. या टप्प्यावर घाई केल्यामुळे जितके मासे मरतात, तितके कोणत्याही रोगाने मरत नसतील.

मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया टाकतो. समुद्रात तो पसरून जातो, टाकीत साठतो. शिवाय समुद्रजलाचा पीएच जास्त असल्याने अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ च्या गोड्या पाण्यापेक्षा सुमारे दहापट असतो. त्यावर उपाय म्हणजे खडकाच्या छिद्रांत वाढणारे जिवाणू. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट बरेच सौम्य असते आणि पाणी बदलून काढता येते. माणसाचे यकृत अमोनियाचे युरिया करते आणि मूत्रपिंड तो बाहेर टाकते. टाकीत यकृताचे काम हे जिवाणू करतात आणि मूत्रपिंडाचे काम बादली.

जिवाणूंची ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला थोडे खाद्य किंवा मोजून अमोनिया घालतात. आधी अमोनियाचा आकडा चढतो आणि उतरतो, मग नायट्राइटचा. दोन्ही शून्यावर येऊन टिकले की टाकी तयार झाली. पाणी स्वच्छ दिसणे ही खूण नव्हे, कारण अमोनिया दिसत नाही.

यासाठी चार साधने पुरतात. क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, तापमापी, टीडीएस मीटर आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच यांच्या चाचण्यांचा संच. आणि एक वही. वॉर्डातल्या खाटेला रुग्णाचा तक्ता लटकवलेला असतो, तसा टाकीचा तक्ता असावा. तारीख, तापमान, क्षारता, चाचण्या, किती पाणी बदलले. मासा सुस्त झाला की दुकानदाराला फोन करण्याआधी वही उघडावी. बहुतेक वेळा आजार माशात नसतो, पाण्यात असतो.

कोण राहणार?

शंभर लिटरमध्ये हौदात जन्मलेली क्लाउनफिशची जोडी आणि साफसफाईला काही गोगलगायी, एवढा संसार पहिल्या वर्षाला पुरे. सोबत समुद्रफूल हवेच असे नाही. पेटीत जन्मलेला क्लाउनफिश त्याच्याशिवाय सुखाने राहतो, आणि समुद्रफूल नव्या टाकीत सहसा टिकत नाही. ही जोडी नीट सांभाळली तर वीस वर्षांहून अधिक जगू शकते. पहिलीतल्या मुलासाठी आणलेला मासा त्याच्या लग्नालाही असू शकतो, हे ठरवताना लक्षात असावे.

चित्रपटामुळे लोकप्रिय झालेला निळा सर्जनफिश दुकानात बोटाएवढा दिसतो, पण तीस सेंटीमीटरपर्यंत वाढतो. त्याला ही टाकी तुरुंगच. काटेरी लायनफिश सुंदर दिसतो, पण लहान मुले असलेल्या घरात नको. समुद्रघोडा कायद्यानेच नको. कुणी 'हा तांब्याचा डोस द्या, रोग जाईल' म्हणाले, तर मुख्य टाकीत तांबे कधीही घालू नये. ते गोगलगायी आणि कोळंबीवर्गीय जिवांना मारते. उपचार वेगळ्या बादलीत करावेत.

उंद्रीसारख्या शेतीच्या गावात धोका आणखी एका वाटेने येतो. कपाशी-सोयाबीनवर फवारणी करून आलेला हात टाकीत गेला, किंवा खोलीत डासांचा फवारा मारला, तर त्यातली कीटकनाशके मासे आणि कोळंबीला माणसापेक्षा कितीतरी पटींनी जास्त घातक असतात. फवारणीच्या दिवशी टाकीला हात लावू नये, आणि त्या खोलीत फवारा मारू नये.

घरच्यांची तब्येत

छंदाची जाहिरात करणारे याबद्दल सहसा बोलत नाहीत.

पहिले, पॅलिटॉक्सिन. झोअँथिड नावाचे छोटे, फुलांसारखे, रंगीत जीव प्रवाळासोबत विकले जातात. त्यांच्यातल्या काहींत हे विष असते. ते १९७१ मध्ये हवाईतल्या अशाच एका जिवातून वेगळे काढले गेले. आपल्या प्रत्येक पेशीत सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा पंप असतो. हे विष त्या पंपाला चिकटून त्याचे उघडे भोक करून टाकते. टाकीतला खडक उकळत्या पाण्याने धुतला किंवा ब्रशने घासला की विष वाफेतून, तुषारांतून नाकात जाते. काही तासांत ताप, थंडी, खोकला, धाप, स्नायूदुखी, डोळ्यांची आग, तोंडात धातूची चव. पाहताना फ्लूच वाटावा. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकी साफ करताना एक अख्खे कुटुंब आणि त्यांच्या मदतीला गेलेले कर्मचारी रुग्णालयात दाखल झाले. या विषावर उतारा नाही, लक्षणांप्रमाणे उपचार करावे लागतात. म्हणून झोअँथिड घेऊ नयेत, आणि टाकीतला कोणताही खडक कधीच उकळू नये.

दुसरे, बोटावरची बरी न होणारी गाठ. मायकोबॅक्टेरियम मरायनम हा क्षयरोगाच्या जंतूचा चुलतभाऊ टाकीच्या पाण्यात राहतो, गोड्याही आणि खाऱ्याही. हाताला खरचटलेले असताना तो आत शिरतो. दोन-चार आठवड्यांनी बोटावर किंवा हाताच्या पाठीवर लालसर, जांभळट गाठ येते. काही वेळा मनगटापासून कोपराकडे गाठींची ओळ लागते. दुखत फारसे नाही, म्हणून महिनोन्‌महिने मलमे बदलली जातात. हा जंतू तीस-बत्तीस अंशांना चांगला वाढतो. प्रयोगशाळेत नेहमीप्रमाणे ३७ अंशांना ठेवलेला नमुना रिकामा दिसू शकतो. क्षयाची जनुकीय चाचणीही नकारात्मक येऊ शकते. निदानाची किल्ली एका वाक्यात असते: 'डॉक्टर, घरी माशांची टाकी आहे.' ते रुग्णाने न विचारता सांगावे. आजार माणसाकडून माणसाला पसरत नाही, आणि काही महिने योग्य औषधे घेतली की बरा होतो.

तिसरे, व्हिब्रिओ जंतू. कोमट खाऱ्या पाण्यातले काही व्हिब्रिओ जखमेतून शिरून वेगाने पसरणारा संसर्ग करू शकतात. टाकीतून असे क्वचित होते, पण यकृताचा आजार, अनियंत्रित मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असलेल्या माणसाने धोका पत्करू नये. टाकीत हात घातल्यावर जखम वेगाने लाल झाली, सुजली, फोड आले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

चौथे, वीज. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. टाकीच्या सगळ्या जोडण्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर असाव्यात आणि अर्थिंग चालू आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. प्लग टाकीच्या वर असावा. ते शक्य नसेल तर वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी झोळातून खाली पडते. टाकीत हात घालण्याआधी हीटर आणि दिवे बंद करावेत.

नियम थोडेच आहेत. कोपरापर्यंतचे मोजे. जखम असेल तर टाकीला हात नाही. नळी तोंडाने ओढून पाणी काढायचे नाही, ही सवय आपल्याकडे सर्रास आहे. टाकीची बादली आणि ब्रश वेगळे, स्वयंपाकाच्या ओट्यावर काहीही धुवायचे नाही. काम झाले की साबणाने हात. लायनफिशसारख्या माशाचा काटा टोचलाच, तर सोसवेल इतक्या गरम, ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा आणि दवाखान्यात जावे. त्या विषातली प्रथिने उष्णतेने निकामी होतात.

ठरवण्याआधी एक परीक्षा

या टाकीचा खर्च काचेवर संपत नाही, तो तिथून सुरू होतो. आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायचे, म्हणजे साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम मीठ, दहा लिटर आरओ पाणी आणि तासभर वेळ. सोंगणीचे दिवस असोत, परीक्षा असोत की पाहुणे, त्यात सुट्टी नाही. रोजचे खाद्य चिमूटभर, उडालेल्या पाण्याची भर, आणि गावाला जाताना किल्ली शेजारच्यांकडे.

ज्यांना हे जमणार नाही असे वाटते, त्यांनी वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हवर समुद्रासमोर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयासारख्या संस्थांनाही हे पाणी सांभाळायला कर्मचारी लागत. मुलांना मालवणला नेऊन खडकावरचे खरे प्रवाळ दाखवणे हा या छंदाचा वाईट पर्याय नाही. घरात मासा हवाच असेल तर गोड्या पाण्याची टाकी इथल्या हवेला आणि पाण्याला जास्त सोसते.

ज्यांना तरीही करायचे आहे, त्यांनी स्वतःची परीक्षा आधी घ्यावी. टाकी, खडक, पंप आणि खारे पाणी घेऊन, मासा न आणता, सहा आठवडे रोज वही लिहावी. भर घालावी, चाचण्या कराव्यात, पाणी बदलावे. जिवाणूंना तेवढा वेळ लागतोच, माणसालाही कळते की हे आपल्याने होते की नाही. सहा आठवड्यांनी वहीतले रकाने रिकामे असतील, तर टाकी विकून टाकावी. पाणी शेतात ओतू नये, विहिरीत किंवा ओढ्यातही नाही. मीठ जमिनीला आणि पिण्याच्या पाण्याला नको. ते मोकळ्या गटारात, थोडे थोडे, भरपूर साध्या पाण्यासोबत सोडावे. रकाने भरलेले असतील आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकले असतील, तर मग ऐरोलीच्या किंवा अशाच पैदास केंद्राच्या माशांची चौकशी करावी, बिल मागून घ्यावे आणि पहिली जोडी आणावी.